मे की दिवाळी? केनियाची सहल दोन पावसांत बसवताना

केनियाला जायचं ठरवणाऱ्या मराठी कुटुंबांची अडचण ठरलेली असते. विल्डबीस्टचे कळप मारा नदी ओलांडतात ते साधारण जुलैअखेरपासून ऑक्टोबरपर्यंत, आणि तेव्हा इथे शाळा भरात असतात. मोठ्या सुट्ट्या दोनच, उन्हाळ्याची आणि दिवाळीची. त्या दोन्ही केनियाच्या पावसात नाहीतर पावसाच्या काठावर येतात. चौकशी केली की दोन टोकांची उत्तरं मिळतात. सहल विकणारा सांगतो की काही फरक पडत नाही, उलट गर्दी कमी असते. घरातली मोठी माणसं म्हणतात, पावसात कसलं जंगल बघताय, पैसे वाया जातील. दोन्ही उत्तरांवर विसंबू नका. केनियातला पाऊस प्राण्यांना फारसा अडवत नाही, तो रस्त्यांना अडवतो. हे लक्षात घेतलं तर मोसमाबाहेरची सहल नशिबावर सोडावी लागत नाही. कोणत्या पंधरवड्यात जायचं, कोणत्या मातीवरून जायचं, कोणत्या गाडीने जायचं आणि बुकिंगमध्ये काय लिहून घ्यायचं, हे तुमच्या हातात असतं.

दोन पाऊस, दोन स्वभाव

केनियातून विषुववृत्त जातं. पावसाचा पट्टा वर्षातून दोनदा या देशावरून सरकतो, म्हणून बहुतेक भागात पाऊसही दोनदा पडतो. मार्च ते मे हा मोठा पाऊस, ऑक्टोबर ते डिसेंबर हा छोटा. मोठ्या पावसाचा जोर एप्रिलमध्ये आणि मेच्या पहिल्या पंधरवड्यात असतो. मोंबासा-दियानीच्या किनाऱ्यावर तर मे हाच सर्वांत ओला महिना. छोट्या पावसाचा जोर नोव्हेंबरात. तो बहुधा दुपारनंतर गडगडाटासह येतो, तास-दोन तास झोडपतो आणि थांबतो. सकाळ मोकळी मिळण्याची शक्यता चांगली असते, आणि जंगलातली खरी फेरी सकाळचीच. आपल्याकडच्या जुलैतली झड डोळ्यांपुढे आणून नोव्हेंबरातल्या केनियाला घाबरण्याचं कारण नाही.

मात्र हा छोटा पाऊस लहरी आहे. हिंदी महासागराच्या पश्चिमेकडचं पाणी नेहमीपेक्षा जास्त तापलं की पूर्व आफ्रिकेत तो धुमाकूळ घालतो. मान्सूनच्या बातम्यांत 'पॉझिटिव्ह इंडियन ओशन डायपोल' हे शब्द तुम्ही ऐकले असतील, तोच हा प्रकार. २०१९ आणि २०२३ या दोन्ही वर्षी ही स्थिती होती आणि दोन्ही वर्षांच्या अखेरीस केनियात पूर आले. उलट स्थिती असलेल्या २०२२ मध्ये हाच पाऊस रुसला आणि आधीच चाललेला दुष्काळ लांबला. म्हणून दिवाळीचं बुकिंग जून-जुलैत जरूर करा, पण मार्ग बदलता येईल किंवा रद्द करता येईल असंच करा. ऑगस्टअखेर ते सप्टेंबरच्या सुरुवातीला केनियाचं हवामान खातं आणि नैरोबीजवळचं 'इक्पॅक' हे प्रादेशिक हवामान केंद्र ऑक्टोबर ते डिसेंबरचा अंदाज जाहीर करतात. सरासरीपेक्षा बराच जास्त पाऊस सांगितला असेल, तर पुढे सांगितल्याप्रमाणे मार्ग फिरवायला तेव्हाही वेळ असतो.

दिवाळी स्वतःही सरकते, हे बरेच जण हिशेबात धरत नाहीत. २०२६ मध्ये लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला आहे, २०२७ मध्ये २९ ऑक्टोबरला. ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात कोरडा मोसम नुकता संपत आलेला असतो, आणि काही वर्षी मागे रेंगाळलेले विल्डबीस्टही मसाई मारा राखीव क्षेत्रात (पुढे नुसतं 'मारा') सापडतात. नोव्हेंबरच्या मध्यावर तुम्ही छोट्या पावसाच्या ऐन भरात असता. लवकरच्या दिवाळीत मारा हा सहलीचा मुख्य भाग ठेवा. उशिराच्या दिवाळीत त्याच्या रात्री कमी करून कोरड्या भागांना द्या.

उन्हाळ्याच्या सुट्टीचं गणित याहून सोपं आहे. राज्य मंडळाच्या शाळा साधारण मेच्या सुरुवातीपासून जूनच्या मध्यापर्यंत बंद असतात, विदर्भात तर त्याही पुढे. बहुतेक कुटुंबं सुट्टी लागली की लगेच निघतात आणि नेमका वाईट पंधरवडा गाठतात. तुम्ही जूनचा पहिला पंधरवडा धरा. तोवर मोठा पाऊस ओसरलेला असतो, रस्ते वाळू लागतात, धूळ उडत नाही आणि परदेशी पर्यटकांची झुंबड अजून सुरू व्हायची असते. इथल्या सुट्ट्यांत बसणारा यापेक्षा चांगला काळ माझ्या मते नाही, आणि त्याला पैशांचंही एक कारण आहे.

पावसात प्राणी दिसतात का?

हा आक्षेप निराधार नाही. सगळीकडे डबकी भरली की प्राण्यांना ठरावीक पाणवठ्यावर येण्याची गरज उरत नाही, ते पांगतात. गवत वाढतं आणि त्यात बसलेला सिंह दहा पावलांवरूनही दिसत नाही. पण ही गोष्ट सर्व ठिकाणी सारखी लागू होत नाही. त्सावो आणि सांबुरूसारख्या रखरखीत भागांत प्राणी नदीकाठी गोळा होतात ते केवळ दुसरीकडे पाणी नसतं म्हणून, त्यामुळे तिथे पावसानंतर दर्शन विरळ होतं. अंबोसेलीचं तसं नाही. किलिमांजारोवर पडलेलं पाणी जमिनीखालून येऊन तिथल्या दलदलींना बारमाही जिवंत ठेवतं. काही हत्ती पावसात बाहेर पांगतात, तरी दलदल रिकामी होत नाही. मारातले सिंह, तरस, बिबटे आपापल्या इलाख्यात राहतात. विल्डबीस्ट टांझानियाकडे परतले म्हणून ते त्यांच्यामागे निघून जात नाहीत.

गवताच्या बाबतीत तर नोव्हेंबर जूनपेक्षा सरस ठरतो. स्थलांतराच्या कळपांनी मारातलं गवत तोवर चरून आखूड केलेलं असतं. जूनमध्ये ते कमरेएवढं असू शकतं, आणि ही जूनची खरी उणी बाजू आहे. ती मान्य करूनच तो महिना निवडा. पक्ष्यांची आवड असेल तर पुन्हा नोव्हेंबर: युरोप आणि आशियातून येणारे स्थलांतरित पक्षी ऑक्टोबरपासून एप्रिलपर्यंत केनियात असतात.

नदी ओलांडणारे कळप हेच तुमचं एकमेव स्वप्न असेल, तर या दोन्ही सुट्ट्या सोडा आणि मुलांची शाळा चार दिवस बुडवून ऑगस्ट-सप्टेंबरात जा. तेव्हाही ते दृश्य दिसेलच अशी खात्री कोणी देऊ शकत नाही. जून किंवा नोव्हेंबरच्या सहलपत्रकावर मगरींच्या तोंडून सुटणाऱ्या कळपांचं चित्र छापलेलं असेल, तर त्या पत्रकातल्या बाकीच्या मजकुराकडेही संशयानेच पाहा.

माती पाहून मार्ग ठरवा

मारातल्या सपाट कुरणांचा बराच भाग काळ्या, चिकट मातीचा आहे. पावसात काळ्या रानातून बैलगाडी काढलेल्या विदर्भ-मराठवाड्यातल्या शेतकऱ्याला पुढचं सांगायला नको. ही माती भिजली की चाक रुततं, आणि रुतलेली गाडी ओढायला आलेली दुसरी गाडीही रुतते. मुरुमाच्या किंवा वाळूच्या जमिनीवर तेवढाच पाऊस पडला तर तासाभरात वाट मोकळी होते. म्हणून उद्यानांची यादी नावावरून न करता जमिनीवरून करा.

- मसाई मारा: दोन ते तीन रात्री. पावसाच्या दिवसांत पश्चिमेकडचा मारा ट्रँगल हा भाग बरा, कारण तिथल्या वाटा मुरूम टाकून राखलेल्या आहेत. राहण्याची जागा नदीपासून किती दूर आणि किती उंचावर आहे हे विचाराच. १ मे २०२४ रोजी तालेक नदीला पूर आला, डझनाहून अधिक कॅम्प पाण्याखाली गेले आणि पर्यटकांना हेलिकॉप्टरने बाहेर काढावं लागलं.
- अंबोसेली: किलिमांजारोच्या पर्जन्यछायेतला प्रदेश, त्यामुळे नोव्हेंबरात भरवशाचा. पर्वत पाहायचा तर पहाटेच. नंतर तो ढगांत जातो. मोठ्या पावसात मात्र एरवी कोरडं असणारं तळं भरतं आणि काही वाटा बंद होतात.
- नैवाशा आणि नाकुरू: नैरोबीहून डांबरी रस्त्याने गाठता येतात. नाकुरूत गेंडे चांगले दिसतात. अंदाज वाईट असेल तर मारातली एक रात्र काढून इथे द्या.
- सांबुरू: कोरडा आहे म्हणून निर्धास्त राहू नका. तिथल्या एवासो न्गिरो नदीला दूरच्या डोंगरांतल्या पावसाने पूर येतो. मार्च २०१० मध्ये अशाच पुराने काठावरची अनेक निवासस्थानं वाहून गेली किंवा चिखलात गेली.
- किनारा: मे टाळा. जूनमध्ये दक्षिणेकडून येणाऱ्या 'कुसी' वाऱ्याने समुद्र खवळलेला असतो, पोहायला फारसा उपयोगाचा नाही. नोव्हेंबरात वारा पडलेला असतो, सरी येऊन जातात, पाणी बरंच स्वच्छ असतं. नैरोबीहून मोंबासाला २०१७ पासून नवी रेल्वे आहे आणि ती त्सावोतून जाते.

पैसे खरंच किती वाचतात?

मोसमाबाहेर कॅम्पचे दर उतरतात हे खरं, पण सहलीचा खर्च फक्त कॅम्पचा नसतो. मसाई माराचं प्रवेशशुल्क परदेशी प्रौढांसाठी जानेवारी ते जून दिवसाला १०० डॉलर आणि जुलै ते डिसेंबर २०० डॉलर आहे. म्हणजे नोव्हेंबरात पाऊस असो, गर्दी नसो, कॅम्प निम्म्या दरात मिळो, प्रवेशशुल्क ऐन मोसमाचंच भरावं लागतं. दोन प्रौढांना तीन दिवसांचे नोव्हेंबरात १,२०० डॉलर पडतील, जूनच्या पहिल्या पंधरवड्यात ६००. जूनच्या बाजूने मघाशी म्हटलेलं पैशांचं कारण ते हेच. शिवाय हे तिकीट पहाटे सहा ते संध्याकाळी सहा अशा बारा तासांचं असतं. निघायच्या दिवशी रेंगाळलात तर आणखी एका तिकिटाची पाळी येऊ शकते. तुमच्या कार्यक्रमात नेमकी किती तिकिटं धरली आहेत ते आधी मोजून घ्या, आणि दर बदलत असल्याने बुकिंगच्या दिवशीचा दर पडताळून पाहा.

एप्रिल याहूनही स्वस्त पडतो, मग तो का नको, असं कोणी विचारेल. कारण तेव्हा वाचलेले पैसे गेलेल्या दिवसांच्या रूपाने परत द्यावे लागतात. चारपैकी दोन सकाळी तंबूत बसून काढल्या, तर प्रत्येक उपयोगी दिवसाची किंमत ऑगस्टच्या जवळ जाते. अनेक कॅम्प त्या काळात दुरुस्तीसाठी बंदही असतात. एकट्याने, भरपूर वेळ हाताशी ठेवून, छायाचित्रांसाठी जाणाऱ्याची गोष्ट वेगळी. आजी-आजोबा आणि शाळकरी मुलं घेऊन सहा दिवसांत जाणाऱ्यांनी एप्रिल ते मेचा मध्य हा काळ सोडून द्यावा.

वाचलेले पैसे कुठे घालावेत

आधी गाडीवर. छप्पर उचलणारी साधी व्हॅन कोरड्या दिवसांत चालते, ओल्या काळ्या मातीत ती अडकते. फोर बाय फोर लँड क्रूझर महाग पडते, पण मोसमाबाहेर ती चैन मानू नका. चाकाखाली चिखल आहे म्हणून ड्रायव्हरला वाट सोडून गवतातून गाडी घालायला सांगू नका. राखीव क्षेत्रात त्याला बंदी आहे आणि दंड होतो.

मारापर्यंत नैरोबीच्या विल्सन विमानतळावरून छोटी विमानं जातात आणि रस्त्यावरचे पाच-सहा तास वाचवतात. त्यांत सामानाची मर्यादा साधारण १५ किलो, तीही मऊ बॅगेत. चाकांची कडक सूटकेस नैरोबीतच ठेवावी लागते. धावपट्ट्या मातीच्या असल्याने जोराच्या पावसात विमान शेजारच्या पट्टीवर उतरवतात किंवा उशिरा सोडतात. म्हणूनच परतीच्या आदल्या रात्री नैरोबीत मुक्काम ठेवा. मारातून सकाळी निघून त्याच दिवशी मुंबईचं विमान पकडण्याचा कार्यक्रम ऑगस्टमध्ये कदाचित जमेल, नोव्हेंबरात तो जुगार आहे.

टूर कंपनीला पैसे देण्याआधी हे प्रश्न विचारा आणि उत्तरं ईमेलवर घ्या:

- गाडी कोणती, आणि ती फक्त आमच्यासाठी का? खिडकीची जागा प्रत्येकाला मिळेल का?
- कॅम्प पुरामुळे बंद झाला तर त्याच दर्जाची दुसरी जागा देणार का, आणि दरातला फरक कोण सोसणार?
- अंदाज पाहून मार्ग बदलायचा असल्यास किती तारखेपर्यंत विनाशुल्क बदलता येईल?
- केनियातली प्रत्यक्ष व्यवस्था कोण पाहणार? त्या संस्थेकडे तिथल्या पर्यटन नियामक प्राधिकरणाचा परवाना आहे का, ती 'काटो' या सहल-चालकांच्या संघटनेची सदस्य आहे का?
- शाकाहारी किंवा जैन जेवणाची कॅम्पला आगाऊ सूचना जाणार का? नैरोबीत गुजराती वस्तीमुळे प्रश्न येत नाही, जंगलात येतो.

कागदपत्रं, लस आणि बॅग

जानेवारी २०२४ पासून केनियाने व्हिसाची पद्धत बंद करून ऑनलाइन प्रवास-परवाना, म्हणजे ईटीए, सुरू केला. त्याचं मूळ शुल्क ३० डॉलर. सरकारी संकेतस्थळासारखीच दिसणारी आणि दुप्पट-तिप्पट पैसे उकळणारी संकेतस्थळं बरीच आहेत. पत्त्याच्या शेवटी 'डॉट गो डॉट केई' आहे याची खात्री करूनच कार्डाचा क्रमांक घाला. मारा पाहून पलीकडच्या सेरेंगेटीत उतरायचा मोह झाला तर लक्षात ठेवा की टांझानियाचा व्हिसा वेगळा लागतो आणि राखीव क्षेत्रातून पर्यटकांना थेट सीमा ओलांडता येत नाही.

सर्वांत जास्त गोंधळ होतो तो पीतज्वराच्या लसीचा. केनियाला पोचताना कोणी विचारलं नाही, म्हणून तिची गरज नाही असं समजू नका. प्रमाणपत्र मागतं ते भारत, तुम्ही परतताना. ते नसेल किंवा लस घेऊन दहा दिवस झालेले नसतील, तर तुम्हाला सहा दिवसांपर्यंत विलग ठेवता येतं. लस फक्त सरकारमान्य केंद्रांवर मिळते आणि सुट्ट्यांच्या तोंडावर तिथे गर्दी होते, म्हणून महिनाभर आधी वेळ घ्या. एकदा घेतलेली लस आयुष्यभर ग्राह्य धरली जाते. साठीच्या पुढचे, गरोदर स्त्रिया, अगदी लहान मुलं आणि अंड्याची ॲलर्जी असलेले यांनी आधी डॉक्टरांना विचारावं. त्याच भेटीत मलेरियाच्या प्रतिबंधक गोळ्यांचंही विचारा: नैरोबीत धोका कमी, मारात आणि किनाऱ्यावर जास्त, आणि पावसानंतर डास वाढतात. या गोळ्या निघण्याआधी सुरू करून परतल्यानंतरही काही दिवस घ्याव्या लागतात.

बॅगेत छत्रीऐवजी रेनकोट ठेवा आणि स्वेटर विसरू नका. मारा दीड हजार मीटरच्या आसपास उंचीवर आहे आणि उघड्या गाडीत पहाटे चांगलीच थंडी वाजते. चकल्या-चिवडा प्लास्टिकच्या पिशव्यांत बांधू नका. केनियात ऑगस्ट २०१७ पासून प्लास्टिकच्या कॅरीबॅगवर बंदी आहे, आणि संरक्षित क्षेत्रांत जून २०२० पासून एकदाच वापरायच्या बाटल्याही चालत नाहीत. डबे आणि कापडी पिशव्या घ्या.

अडचण आली तर

प्रवासविमा पाऊस पडला म्हणून पैसे देत नाही. तो देतो ते आजारपण, अपघात, विमानाचा उशीर, सामान हरवणं अशा नोंदलेल्या कारणांसाठी. पावसाळी सहलीत आणखी एक गोष्ट पॉलिसीत शोधा: जंगलातून हवाई मार्गाने रुग्णालयात नेण्याचा खर्च. केनियात 'ॲम्रेफ फ्लाइंग डॉक्टर्स' ही सेवा आहे. तिचं अल्पकालीन पर्यटक सदस्यत्व घेता येतं. रस्ता बंद झाल्याने मुक्काम वाढला तर कॅम्पकडून तसं लेखी घ्या, नाहीतर दावा टिकत नाही.

'नैसर्गिक आपत्तीत कंपनी जबाबदार नाही' हे वाक्य जवळजवळ प्रत्येक करारात असतं, पण त्याच्या आड सगळंच लपवता येत नाही. पूर येणं कंपनीच्या हातात नाही; लँड क्रूझरचे पैसे घेऊन व्हॅन पाठवणं तिच्या हातात आहे. न दिलेल्या सेवेचे पैसे परत मागण्याचा तुम्हाला हक्क आहे. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार तुम्ही जिथे राहता त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडे तक्रार करता येते, कंपनीचं मुख्यालय दुसऱ्या शहरात असलं तरीही. त्याआधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर नोंद करून पाहा. बरीच प्रकरणं तिथेच मिटतात. केनियातल्या चालकाकडे थेट बुकिंग केलं असेल तर भारतीय आयोगाचा आदेश तिथे बजावणं अवघड जातं, म्हणून अशा वेळी पैसे क्रेडिट कार्डाने आणि टप्प्याटप्प्याने द्या, म्हणजे बँकेकडे हरकत नोंदवता येते. भारतातल्या कंपनीने परदेशी सहलीवर टीसीएस (विक्रेत्याने गोळा करायचा आयकर) घेतला असेल तर त्याचा दाखला मागून घ्या. तो आयकर विवरणपत्रात वळता करता येतो. आयोगाकडे तक्रार करण्याची मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षांची आहे, तोवर पावत्या, ईमेल आणि गाडीचे फोटो पुसू नका.